दोन डझन बांधलेल्या माश्या

"वामनराव, साहेबाचं पत्र आलंय. वाचा. आणि मराठीत वाचा, इंग्रजी काय, मलाही येतं," तहसीलदार हिंमतराव म्हणाले.

हिंमतरावांना इंग्रजी येत नाही, हे कचेरीतल्या पालींनासुद्धा ठाऊक होतं. ते सही तेवढी इंग्रजीत करायचे, आणि ती वेलबुट्टीसारखी दिसायची. बाकी सगळं इंग्रजी वामनरावांच्या डोक्यावर. वामनराव म्हणजे कचेरीचे इंग्रजी कारकून. अकोल्याला दोनदा मॅट्रिकला बसलेले, दोनदा उठून आलेले. जवळ पुठ्ठा गेलेला एक शब्दकोश होता, आणि त्या शब्दकोशाबाहेर जग नाही अशी त्यांची श्रद्धा होती.

पत्र नव्या डिप्टी कमिशनर साहेबाचं होतं. साहेब शुक्रवारी पैनगंगेकाठच्या बंगल्यावर मुक्कामाला येणार. दिवसा दप्तर तपासणार, सकाळ-संध्याकाळ मासे धरणार. काठी, दोरा, चक्री, सगळं सोबत आहे. फक्त 'फ्लाइज'ची डबी मागच्या मुक्कामी विसरली. तरी दोन डझन फ्लाइज, नीट बांधलेल्या, तयार ठेवाव्यात. मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजाचा आणि घाम वऱ्हाड्यांचा, असा तो जमाना. हुकूम लिहिला की पाहिजे ती वस्तू जमिनीतून उगवते, असं प्रत्येक साहेबाला वाटायचं. आणि उगवायचीही. कोण उगवत होतं, हे कोणी विचारत नव्हतं.

वामनरावांनी शब्दकोश उघडला. फ्लाय म्हणजे माशी. टाय म्हणजे बांधणे.

"साहेबांना चोवीस माश्या पाहिजेत. बांधलेल्या."

हिंमतरावांनी चष्मा काढला. "बांधलेल्या कशाला?"

"उडून जाऊ नयेत म्हणून."

या उत्तरात कुठेच फट नव्हती. मासा माशी खातो, साहेब मासा धरतो, माशी उडते, म्हणून बांधायची. चष्मा पुन्हा चढवून हिंमतराव म्हणाले, "अकरा वर्षं तुम्ही या कचेरीत माश्या मारत बसलात, वामनराव. आता सरकारी कामाला माश्या धरा. शुक्रवारपर्यंत चोवीस झाल्या नाहीत तर तुमची मेळघाटात बदली. साहेबाच्या हातात बदलीचा कागद मी देईन."

मेळघाट म्हणजे सातपुड्याचं जंगल. तिकडचा ताप माणसाला महिन्यात अर्धा करतो, हे तिकडून अर्ध्या होऊन आलेल्या कारकुनांनी सांगितलं होतं. आणि घरी शकुंतलेला सातवा महिना होता. तिला मागे ठेवावं तर तिचं कोणी नाही, सोबत न्यावं तर तो ताप.

हिंमतराव मात्र हुकमाच्या कामाला वाघ. त्याच दुपारी गावोगावच्या पाटलांना कागद गेला: दर गावाने एक बांधलेली माशी गुरुवारच्या आत कचेरीत दाखल करावी. तीन पाटलांनी गाव दूर असल्याने मुदत मागितली. चौथ्याने लेखी कळवलं की, आमच्या गावची सफाई चोख असून गावात माशी नाही, हुकूम झाल्यास शेजारच्या गावची आणवू. माशी मात्र कचेरीत एकही आली नाही. आल्या त्या आपल्या आपण, कोणाच्या पत्राशिवाय, आणि बांधलेल्या नव्हत्या.

वामनराव बाजारात गुळाच्या ढेपांशी पितळी पेला उपडा घालत फिरू लागले. दुकानदार विचारायचा, "काऊन जी कारकूनसाहेब, काय करून राह्यले?" वामनराव म्हणायचे, "सरकारी काम." दुकानदार मान डोलवायचा. सरकारी काम असंच असतं, हे त्याला पटलेलं होतं.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी घरी पेला उघडला आणि पहिल्या माशीच्या पायाला दोरा बांधला. पाय दोऱ्यात राहिला, माशी उडून गेली. दुसरीचा पंख हातात आला. तिसरीला गाठ बसली, पण गाठीत वामनरावांच्या बोटाची कातडीही बसली. शकुंतला दारात उभी राहून हे बघत होती.

"अहो, तुम्ही हे काय करून राह्यले?"

"माशी बांधतोय."

"कोठं पळून चालली ते?"

वामनरावांनी सगळं सांगितलं. शेवटी मेळघाटही सांगितला. शकुंतला हसायचं थांबली. तिने गळ्यातलं मंगळसूत्र पुढे धरलं.

"हे कोणी ओवलं? अन्नपूर्णाबाई पटवेकरणीनं. सहा वर्षं झाली. विहिरीवर वढलं, एकडाव पोहऱ्याच्या दोरात अडकलं, दोर तुटला पण हे नाई तुटलं. गाठ पाहा, कोठं हाये ते तरी दिसते का?"

वामनरावांनी चष्मा लावून शोधली. गाठ दिसली नाही.

अन्नपूर्णाबाई पटवेकरीण डोणगावच्या बाजारात चिंचेखाली बसायची. साठीची विधवा, अंगाने काडी. डाव्या पायाच्या अंगठ्यात रेशमाचा दोरा अडकवलेला, दुसरं टोक दातात, आणि मधे दहा बोटं. त्या बोटांबद्दल लिहायचं तर लेखकाची बोटं लुळी पडतात. तिने करगोटे गुंफले, पुतळ्यांच्या माळा ओवल्या, गोंडे केले, तालुक्यातल्या अर्ध्या बायांचं सौभाग्य तिच्या गाठीवर लटकलेलं होतं. आणि हिला स्वतःला लोक हळदीकुंकवाच्या दिवशी दारातून वळवत होते. हिच्या गाठी चालायच्या, हिचा हात चालत नव्हता. आपल्या समाजाची अक्कल ही अशी. असो. ती रडत बसली नव्हती, ती दोरा ओढत होती. गुरुवारी उजाडताच वामनराव तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"माशी?" तिने दातातला दोरा न सोडता विचारलं.

"माशी."

"जिती का मेलेली?"

"जिवंत. उडू नये म्हणून बांधायची."

"जित्या जिवाले मी बांधत नाई. बैलाले बांधतेत तं त्याले चारा टाकतेत. माशीले चारा कोन टाकन, तुमचा साहेब?" तिने दोरा दातातून काढला. "पन कायले पाह्यजे हे सांगा. काम समजल्याबिगर मी गाठ मारत नाई."

"मासा धरायला."

"मंग आधी सांगाचं ना, बापा! मासा झटका देते. नुसती माशी बांधून काय होते? मासा माशी खाईन अन् ढेकर देऊन जाईन. माशी गळाले बांधा लागन. कडूबा भोयाकून बारीकातले बारीक गळ आना. अन् ह्या गुळावरच्या माश्यायत काय दम? गोठ्यातली गोमाशी आना. मोठी, हिरव्या डोळ्याची, मारून उन्हात वाळवलेली."

चोवीस गोमाश्या धरायला वामनरावांनी गुरुवारचा अर्धा दिवस एका म्हशीमागे घालवला. म्हशीने त्यांना दोनदा लाथ मारली, शेपटी किती वेळा बसली त्याची मोजदाद नाही. कडूबा भोयाने गळ दिले. "साहेब माशीवर मासा धरते? मी तं कणकीच्या गोळीवर धरतो. पन साहेब मानूस, त्याच्या घरचा मासाही ऐटबाज असन," असं म्हणून तो आपलं जाळं विणायला बसला.

मग अन्नपूर्णाबाई कामाला लागली आणि वामनराव मेळघाट विसरले. तिने रेशमाला मेण ओढलं. गळ अंगठ्यात धरला. वाळकी गोमाशी गळाच्या पाठीवर ठेवली आणि काळ्या रेशमाचे सात फेरे असे घातले की, पंख मोकळे राहिले, पाय मोकळे राहिले, एक केसही वाकला नाही आणि माशी गळाला अशी बसली जशी तिथेच जन्मली. शेवटची गाठ मारताना तिची बोटं दिसेनाशी झाली. दोरा तोडल्यावर तिने गळ वामनरावांच्या हातात दिला.

"वढा."

वामनरावांनी ओढलं. गोमाशी हलली नाही.

"वढा ना बे... वढा ना जी, जोरानं!"

वामनरावांचं बोट कापलं. गाठ तशीच. चोविसावी संपली तेव्हा त्यांना वाटलं, राज्य कोणाचंही असो, ह्या बाईसारखं एक काम आपल्याला आलं असतं तर आपण कोणाला भ्यायलो नसतो.

"माझी रेशमाची डबी देऊन राह्यले, पितळी. डबी वापस पाह्यजे," ती म्हणाली. "तीच एक हाये."

शुक्रवारी साहेब आला. उंच, तांबडा, टोपीच्या पट्टीला एक पिसाचा तुरा खोवलेला. हिंमतरावांनी हार घातला आणि पितळी डबी स्वतःच्या हाताने पुढे केली, जणू म्हशीच्या लाथा त्यांनीच खाल्ल्या होत्या. साहेबाने डबी उघडली. बघितलं. वास घेतला. पुन्हा बघितलं.

"ये मख्खी है!"

"जी हुजूर," हिंमतराव आनंदाने म्हणाले. "दोन डझन."

"असली मख्खी!"

"एकदम असली, हुजूर! नकली माल आमच्या तालुक्यात चालत नाही."

साहेब तांबड्याचा जांभळा झाला. त्याने टोपीतला तो तुरा उपटला आणि सगळ्यांच्या नाकासमोर नाचवला. तो तुरा नव्हता. कोंबड्याचं पीस, सशाचा केस आणि सोनेरी तार गळावर गुंडाळून केलेली माशीची नक्कल होती. फ्लाय म्हणजे ही! खरा किडा लावून मासा धरणं हे पोरांचं, चोरांचं काम. सभ्य माणूस खोट्या माशीवर मासा धरतो! आपली चेष्टा कोणी केली?

"भाषांतर यांचं," हिंमतरावांनी बोट दाखवलं. इतक्या वेगाने बोट उचलताना त्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं.

म्हणजे साहेबाला खोटी माशी हवी होती, आणि खरी दिली म्हणून वामनरावांचा गुन्हा झाला. सरकारी नोकरीत अकरा वर्षं काढलेल्या माणसाला एवढं आधीच कळायला हवं होतं. मेळघाटाचा हुकूम जागेवरच निघाला. इंग्रजी कारकून एकच, त्यामुळे वामनरावांना स्वतःची बदली स्वतःच्याच सुवाच्य अक्षरात लिहावी लागली. सही उद्या, मासेमारीनंतर.

 त्या संध्याकाळी शकुंतलेने ट्रंक काढून त्यात बाळाची दुपटी भरायला घेतली. वामनरावांनी ती परत बाहेर काढली. तिने परत भरली.

सकाळी कडूबाने साहेबाला मोठ्या डोहावर नेलं. कार्तिकातलं पाणी, तळाचा गोटा मोजता येईल असं. हिंमतराव छत्री धरून, वामनराव दुभाषे म्हणून. कडूबाचं वऱ्हाडी साहेबाला कळत नव्हतं आणि साहेबाचं मराठी कोणालाच कळत नव्हतं. साहेबाने दोऱ्याला टोपीतली खोटी माशी बांधली आणि काठी फिरवली. दोरा हवेत असा वळसे घेत गेला की कडूबाच्या तोंडून "वा रे पठ्ठ्या!" निघालं. खरं ते खरं. साहेब तापट होता, पण त्याच्या मनगटात कला होती.

तेवढ्यात काठावरून हाक आली. "ओ कारकूनबुवा! माझी डबी?"

अन्नपूर्णाबाई डोणगावाहून पायी आली होती. डबी साहेबाच्या पिशवीत होती. ती मागायची कोणाची हिंमत होईना, म्हणून बाई दगडावर बसली आणि साहेबाच्या दोऱ्याच्या टोकाकडे बघू लागली. साहेबाने माशी सोडून पुन्हा बांधली तशी ती म्हणाली, "सुटन थे."

"व्हॉट डज शी से?" साहेबाने विचारलं.

वामनरावांनी आयुष्यात पहिल्यांदा शब्दकोश सोडला. "शी सेज गुड मॉर्निंग, सर."

दहाव्या फेकीला डोह फुटल्यासारखं पाणी उसळलं. काठी वाकली, चक्री किंचाळली, साहेब ओरडला, हिंमतराव छत्रीसकट बसले, आणि दोरा सैल झाला. साहेबाने गुंडाळून जवळ घेतला. टोकाला काही नव्हतं. दोऱ्याला फक्त डुकराच्या शेपटीसारखी वेटोळी पडली होती.

"म्हनलं ना, सुटन," अन्नपूर्णाबाई म्हणाली. या वेळी भाषांतर कोणी मागितलं नाही.

जवळ होती ती एकुलती एक माशी मासा घेऊन गेला. दुसरी आणायची तर मुंबईहून. आणि समोर डोहात तो मासा पुन्हा वर येऊन पाठ दाखवून गेला, मुद्दाम दाखवल्यासारखी. साहेबाने डोहाकडे बघितलं. मग पिशवीकडे. मग हिंमतरावांकडे बघून सांगितलं की, बंगल्यावरून चहा आणा, स्वतः आणा. कडूबाला वरच्या वळणावर दुसरा डोह बघायला पाठवलं. दोघंही दिसेनासे झाल्यावर साहेबाने पिशवीतून पितळी डबी काढली आणि घसा खाकरला.

"वामनराव. टेल हर."

काय सांगायचं ते तो बोलला नाही. वामनरावांनी डबी घेऊन बाईपुढे उघडली.

अन्नपूर्णाबाईने एक गोमाशी निवडली. साहेबाचा दोरा पायाच्या अंगठ्यात घेतला, गळाच्या डोळ्यातून ओवला, गाठ घातली, ओढायच्या आधी जिभेने ओली केली आणि ओढली. सगळं मिळून दोन श्वास. साहेब गुडघ्यावर बसून बघत होता. त्याचं तोंड उघडं होतं.

"अगेन. स्लोली."

"पुन्हा, हळूहळू, म्हणतात," वामनराव म्हणाले.

"हळू बांधली तं हळूच सुटते. मी सुटाची गाठ मारत नाई. फेका म्हना."

साहेबाने फेकली. गोमाशी पाण्याला टेकली न टेकली तोच मासा आला. मग पाऊण तास जे झालं ते या काठाने कधी पाहिलं नव्हतं. साहेब गुडघाभर पाण्यात गेला, मग कमरेपर्यंत, टोपी वाहत गेली, बूट चिखलात राहिला. मासा खडकाखाली घुसला, दोरा खडकावर घासून कर्कर वाजला. साहेब दमून म्हणाला, "गाठ... गाठ रहेगा?" अन्नपूर्णाबाई दगडावरून उठलीही नाही. "दोरा तुटन, काठी तुटन, साहेब तुटन," ती म्हणाली, "गाठ नाई सुटाची."

वामनराव काठावर उभे राहून देवाचं नाव घेत होते. मासा सुटला तर मेळघाट, एवढंच त्यांना कळत होतं.

मासा सुटला नाही. सोनेरी, रुंद, तळहाताएवढ्या खवल्यांचा तो जीव वाळूवर आला तेव्हा माशी चुरगळली होती, पण काळ्या रेशमाचे सातही फेरे जागच्या जागी होते. साहेबाने ते बोटाने चाचपले. आणि भिजल्या अंगाने, एका बुटात, त्याने चिंचेखाली बसणाऱ्या त्या बाईला सलाम ठोकला. मी साहेबांची तारीफ करणारा माणूस नाही. पण ही करतो. आपल्यापैकी किती जणांनी तिला केला होता?

तेवढ्यात चहा सांडत हिंमतराव पोचले, मागून कडूबा. "हुजूर! एवढा मासा! कशावर आला?"

साहेबाने गळ पटकन मुठीत लपवला. "फ्लाय," तो म्हणाला.

"माशीवर," वामनरावांनी भाषांतर केलं.

दोघंही खरंच बोलले होते. साहेबाने वामनरावांकडे बघितलं. वामनरावांनी डोहाकडे बघितलं.

दुपारी बंगल्यावर साहेबाने मेळघाटाचा कागद मागितला. वामनरावांनी तो पुढे केला. साहेबाने तो वाचला, अक्षर छान आहे म्हणाला, माशाचा सगळ्यात मोठा खवला त्यात ठेवून कागदाची घडी घातली आणि ती घडी आपल्या पेटीत टाकली. मेळघाट त्या खवल्याबरोबर विलायतेला गेला असावा. कचेरीत तरी तो पुन्हा आला नाही. शकुंतलेने दुपटी ट्रंकेतून काढून उन्हात घातली.

जाण्यापूर्वी साहेबाने जाड, गुळगुळीत कागदावर अन्नपूर्णाबाईच्या नावाने प्रशस्तिपत्र लिहिलं, खाली मोहोर उठवली. ते आणि पितळी डबी घेऊन वामनराव बाजाराच्या दिवशी डोणगावच्या चिंचेखाली गेले. बाईने आधी डबी उघडून बघितली, पुसली, रेशीम आत ठेवलं. मग कागदाकडे वळली.

"काय लिवलं हाये?"

कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं की, ही बाई सबंध वऱ्हाडात फ्लाय बांधण्यात पहिल्या नंबरची आहे. फ्लाय म्हणजे माशी. टाय म्हणजे बांधणे. वामनरावांच्या ओठावर शब्द आलेही होते. त्यांनी ते गिळले आणि कागद नीट धरून वाचल्यासारखं केलं.

"लिहिलंय की, या बाईची गाठ सुटत नाही."

"हे तं मले ठाऊक हाये," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "हे सांगाले सायब कायले पाह्यजे?"

तिने कागद हातात घेऊन अंगठ्याने त्याची जाडी चाचपली. चेहरा उजळला. "पन कागद मस्त हाये." मोहोर आत राहील अशी त्याची चौपदरी घडी घातली, लाल रेशमाची गुंतलेली लड मांडीवर घेतली आणि त्या घडीवर फेऱ्यावर फेरा गुंडाळायला लागली. कागद दिसेनासा झाला. रेशीम झकास बसलं होतं.